सावत्र बापाची डॉक्टर लेक

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या वस्तीपासून दोन बांध पलीकडे एका घरी मुलगी पाहायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला. शेती किती, विहिरीला पाणी कुठवर पुरते, अशी विचारपूसही झाली. मुलगी बारावीला, सायन्स घेतलेली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी सहज विचारले, ‘‘पुढं काय करायचं म्हणतीस ग?’’ पोरीने मान खाली घातली, पण उत्तर स्पष्ट दिले, ‘‘नर्सिंगला जायचंय.’’

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. मामाने सारवासारव केली, ‘‘ते आपलं पोरीचं म्हणणं हो. लोकांच्या जखमा धुवायच्या, घाण काढायची, आपल्या घरच्या लेकीनं कशाला?’’ तेवढ्यात पडवीत बाजेवर बसलेली आजी बोलली, ‘‘माझ्या पायाची घाण आठ म्हईनं तिनंच काढली. तवा न्हाई कुणी म्हनलं, कशाला म्हनून!’’

त्या आजीच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. साखरेचे दुखणे जुने, पायाला बधिरपणा आलेला, त्यामुळे काटा मोडलेला कळलाच नाही. कळले ते पाय सुजून वास यायला लागला तेव्हा. तालुक्याच्या डॉक्टरांनी बोट कापावे लागेल म्हणून सांगितले होते. पण औषधपाणी चालू ठेवून रोज पट्टी बदलली तर पाहू, असेही म्हणाले. ती पट्टी या पोरीने बदलली. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांकडून शिकून घेतले, आणि सकाळी शाळेला जायच्या आधी हात धुऊन बसायची. आजीचे बोट वाचले. (ज्यांच्या घरी साखरेचा आजारी आहे, त्यांनी एवढे जरूर करावे. रोज रात्री त्याचे तळपाय उजेडात पाहावेत, आणि त्याला अनवाणी रानात जाऊ देऊ नये.)

मी त्या दिवशी तिथे होतो. घरी परतताना मनात एकच आले. शेती बापाची असते म्हणून पोरगा शेती करतो. दुकान असते म्हणून दुकानात बसतो. वैद्यकीचे मात्र थोडे निराळे आहे. हा मार्ग का धरला म्हणून विचारा, बरेच जण एखाद्या माणसाकडे बोट दाखवतात. कुणाची आई अंथरुणाला खिळलेली असते, कुणाचा भाऊ दवाखान्याच्या वाटेवर गेलेला असतो. मला त्या वेळी आठवण झाली ती दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीची. तिच्या बाबतीत तो माणूस होता तिचा सावत्र बाप.

सावत्र हा शब्द आपल्याकडे फार वाईट. सावत्र आईच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. सावत्र बापाच्या फारशा ऐकत नाही, कारण पूर्वी वरच्या म्हणवणाऱ्या जातींत विधवेने दुसरा घरोबा करायचाच नाही असा दंडक होता. ज्या जातींत पाट लावायची रीत होती, त्यातही पहिल्या घरची पोर आजोळी टाकून बाई नव्या घरी जायची. सोबत नेली, तर ती त्या घरात उष्ट्यावर वाढायची. म्हणून ही हकिगत मुळातून सांगतो.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईतला. घराणे सुतार समाजातले. त्या अडीच वर्षांच्या असताना वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई तेव्हा अवघी सतरा वर्षांची. आजची सतरा वर्षांची मुलगी बारावीचे पुस्तक घेऊन बसलेली असते. त्या काळची सतरा वर्षांची बाई विधवा होऊन, कडेवर पोर घेऊन माहेरी परत आली होती. सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. सहा वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. तेही विधुर. लग्नाआधी जयंतीबाईंनी एक शहाणपणाचे काम केले. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी मुलीच्या नावे करून दिली. याच मालमत्तेवरून पुढे बरेच रामायण झाले असे म्हणतात.

डॉ. सखाराम अर्जुन हे साधे डॉक्टर नव्हते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकवत. झाडपाल्याचा त्यांचा अभ्यास दांडगा. मुंबईच्या बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची यादी करून त्यांनी १८७९ साली ती पुस्तकरूपाने छापली. आपल्या बांधावर उगवणाऱ्या कितीतरी वनस्पतींकडे इंग्रजी शिकलेला माणूस त्या वेळी ढुंकून पाहत नव्हता. हे मात्र वैदूकडची मुळी आणि गांध्याच्या दुकानातली पुडी यांची शास्त्राने नोंद करत बसले होते. १८८३ मध्ये मुंबईत निसर्गाच्या अभ्यासासाठी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोनच हिंदी माणसे होती, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन.

अशा घरात ही पोर वाढली. घरात पुस्तके होती आणि सुधारक मंडळींची ऊठबस होती. पण वाचकहो, सुधारकाच्या घरातसुद्धा रीत सुटत नव्हती. अकराव्या वर्षी रखमाचे लग्न लागले. नवरा दादाजी भिकाजी, वय एकोणीस. ठरले असे की दादाजीने घरजावई म्हणून याच घरी राहायचे, शिकायचे आणि माणसात यायचे. त्याच्या शिक्षणाचा खर्च सासरा करणार होता. दादाजीचे मन काही अभ्यासात रमले नाही. तो मामाच्या, नारायण धर्माजीच्या घरी जाऊन राहिला.

लग्नानंतर सहा महिन्यांत रखमाला न्हाण आले. त्या काळी न्हाण आले की लगेच गर्भाधानाचा विधी करून मुलीला नांदायला पाठवायचे, यात कुणाला काही वावगे वाटत नसे. इथे सखाराम अर्जुन आडवे आले. त्यांनी मुलीला पाठवायला नकार दिला.

इथे थोडे थांबावेसे वाटते. हा नकार देणारा माणूस समाजसुधारक होता हे खरे, पण त्याआधी तो डॉक्टर होता. बारा-तेरा वर्षांच्या अंगाला बाळंतपण आले की काय होते, ते डॉक्टरच्या डोळ्यांपासून लपत नाही. बाकीच्यांना रीत दिसत होती, यांना मुलीचा जीव दिसत होता. आणि हे त्यांनी केले ते परक्या रक्ताच्या मुलीसाठी. गप्प राहणे त्यांना किती सोपे होते पाहा. ‘माझी थोडीच आहे, तिच्या नवऱ्याचे घर, तिचे नशीब,’ एवढे म्हटले असते तर जातीत कुणी बोट दाखवले नसते. उलट सावत्र मुलीची ब्याद टळली म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी समजूतच घातली असती. मुलगी बारा वर्षांची असताना तिनेही त्या मामाच्या घरी जायला नकार दिला, आणि बाप तिच्या पाठीशी उभा राहिला.

मग ती घरीच राहिली. शाळा नाही. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून घरी वाचायची. इंग्रजी अशीच घासून शिकली. वर्षामागून वर्षे गेली. घरी राहिलेल्या लग्न झालेल्या मुलीला काय काय ऐकावे लागते, ते गावातल्या बायांना सांगायला नको.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजीने वकिलामार्फत पत्र धाडले, माझी बायको मला द्या. प्रकरण मुंबईच्या हायकोर्टात गेले. आणि १८८५ साली, दाव्याचा पहिला निकाल लागण्यापूर्वीच, डॉ. सखाराम अर्जुन वारले.

एकवीस वर्षेही पुरी न झालेली मुलगी आता भर कोर्टात बापावाचून उभी. पण ती बोलायला लागली ती याच वर्षी. ‘एक हिंदू स्त्री’ अशी सही करून तिने टाइम्स ऑफ इंडिया या इंग्रजी पत्रात बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रे लिहिली. ही बाई कोण, याची मुंबईत चर्चा सुरू झाली. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. अजाण वयात जिचे लग्न लावले आणि जी कधी नांदायलाच गेली नाही, तिला आता बळजबरीने पाठवणे हे त्यांना पटले नाही. देशभर गदारोळ उठला. धर्म बुडाला म्हणणारे एका बाजूला आणि सुधारक दुसऱ्या बाजूला. लोकमान्य टिळकांसारखा मोठा माणूसही या प्रकरणात तिच्या विरुद्ध बाजूला होता, हे मला आजही वाचताना खुपते.

अपील झाले, खटला पुन्हा चालला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी निकाल दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी कळवले, तुरुंगात जाईन, पण तिकडे जाणार नाही.

या तारखेला आणखी एक गोष्ट चिकटलेली आहे. याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी वारल्या होत्या. त्यांची कथा आपणा सर्वांना माहीत आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल, आणि ते मूल दहा दिवसांत गेले. त्या दहा दिवसांच्या लेकराने त्यांना अमेरिकेची वाट दाखवली असे म्हटले तर चूक होणार नाही. गोपाळराव नवराच हट्टाला पेटलेला होता, पण हट्ट नवऱ्याचा असला तरी कळ आईची होती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरलेली होती. तिथे त्या पोचल्याच नाहीत. क्षयाने गाठले, वय बावीससुद्धा नव्हते. एक डॉक्टर झालेली मुलगी गेली आणि आठवड्याच्या आत दुसरीला तुरुंगाची शिक्षा ऐकवली गेली. त्या दोघींच्या वयात अंतर होते फक्त चार महिन्यांचे.

रखमाबाईंना तुरुंगात जावे लागले नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. त्याने दुसरे लग्न केले. रखमाबाई मोकळ्या झाल्या. हातात तारुण्य होते, नावाला बट्टा होता, आणि इंग्रजी चांगले येत होते. दुसरी एखादी असती तर घरात कोंडून घेतले असते. त्यांनी ठरवले डॉक्टर व्हायचे.

का? त्या काळी बाईने शिकून फार तर मास्तरीण व्हावे अशी समजूत होती. पुस्तके आणि पत्रे लिहिण्याचा हात तर रखमाबाईंना होताच. तरी त्यांनी तो रस्ता धरला नाही. माझ्या मते याचे उत्तर त्या घरात आहे. लहानपणी त्यांनी डॉक्टर म्हणजे काय ते पाहिले, ते सुई टोचणारा माणूस म्हणून नव्हे. जातीने, रिवाजाने आणि शेजाऱ्यांनी जा म्हटले असताना, मुलीच्या अंगाकडे पाहून ‘नाही’ म्हणणारा माणूस त्यांनी पाहिला होता. त्या नकाराने त्यांचे सारे आयुष्य घडले होते. एवढे ज्याच्यामुळे झाले, त्याचाच धंदा त्यांनी उचलला.

वाट दाखवायला आणखी एक बाई धावून आल्या. डॉ. एडिथ पेची. विलायतेत बायकांना वैद्यकीचे शिक्षण मिळावे म्हणून १८६९ साली एडिंबरोत ज्या सात जणी झगडल्या, त्यांतली ही एक. ती मुंबईत येऊन राहिली होती आणि कामा हॉस्पिटलात काम करत होती. तिने धीर दिला आणि पैशांची जमवाजमव करायला मदत केली. इंदूरच्या होळकर महाराजांनीही देणगी दिली. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या. बायकांसाठी काढलेल्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

परत आल्यावर थोडे दिवस मुंबईत कामा हॉस्पिटलात काढले आणि मग त्या सुरतेला बायकांच्या दवाखान्यात गेल्या. नंतर राजकोटला. दोन्ही मिळून जवळजवळ पस्तीस वर्षे.

दवाखान्याचे म्हटले तर दवाखाना, पण त्या दिवसांत बाई दवाखान्यात यायलाच तयार नसे. आमच्या आजीच्या तोंडून ऐकलेल्या बाळंतपणाच्या गोष्टी मला आठवतात. अंधारी खोली, दाराला घोंगडी, खाली शेगडी, सुईणीच्या हातात घरातलाच विळा. बाई अडली तर नवस बोलायचा. पुरुष डॉक्टरला बोलावणे म्हणजे अब्रू गेली. तिकडे गुजरातेत पडदा होता तो आणखी कडक. बाईची नाडी पाहायला बाईच हवी होती. आणि ती बाई अशी हवी होती, जिला खोलीतल्या अंधाराची आणि सासूच्या धाकाची आतून माहिती आहे. अकराव्या वर्षी बाशिंग बांधलेल्या डॉक्टरणीला ती माहिती कुणी शिकवावी लागली नसेल. पडदा जावा म्हणून पुढे त्यांनी १९२९ साली एक पुस्तिकाही लिहिली. राजकोटला रेड क्रॉसचे काम त्यांनी उभे केले.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. १९०४ साली दादाजी वारला तेव्हा रखमाबाईंनी विधवेसारखे पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली असे सांगतात. ज्याच्या घरी जायच्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी पांढरे लुगडे! रिवाज माणसाच्या हाडात किती खोल रुतलेला असतो म्हणावे, की सुरतेच्या बायांनी आपला विश्वास सोडू नये म्हणून केलेली तडजोड म्हणावी? आमच्या घरी यावर वाद झाला. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले, ‘‘ते तुम्हा पुरुषांना नाही कळायचं.’’ कळत नाही हे खरेच.

त्यांच्या खटल्याचा परिणाम कायद्यावरही झाला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे वय बारा झाले. आज वाचताना बारा हा आकडासुद्धा अंगावर येतो. मुलीच्या लग्नाचे वय अठरा व्हायला १९७८ साल उजाडावे लागले. आणि कायद्यात अठरा आणि मांडवात सोळा अशी लग्ने आपल्याच तालुक्यांत लागतात, ते वाचकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

रखमाबाई १९३० च्या सुमारास नोकरीतून मोकळ्या होऊन मुंबईला परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदी ओलांडून, त्या वारल्या. त्यांना घडवणारा बाप त्याआधी सत्तर वर्षांपूर्वीच गेला होता. लेक डॉक्टर झालेली त्याने पाहिली नाही. खटला जिंकलेला पाहिला नाही. तो गेला तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर काय होते? नवऱ्याने टाकलेली की नवऱ्याला टाकणारी, अशी लोकांच्या तोंडी लागलेली एक वीस वर्षांची सावत्र मुलगी, आणि कोर्टाची नोटीस. आपण केले ते बरे की वाईट, याचा पुरावा हाती न येताच तो गेला.

मधल्या काळात मामा माझ्याकडे येऊन गेला. नर्सिंगचे काय कसे असते म्हणून विचारत होता. मी माहिती काढून ठेवली होती. बारावी झाल्यावर दोन वर्षांचा ए. एन. एम. चा कोर्स आहे, पदवीचा बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा. पदवीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागते, आणि प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सरकारी कॉलेजात फी पुष्कळ कमी असते, पण जागा थोड्या. खाजगीत पाय टाकण्यापूर्वी कॉलेजला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, ते आधी पाहून घ्यावे. नाहीतर वर्षेही जातात आणि पैसेही. मामाने सगळे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाला, ‘‘बघू.’’ आपल्याकडे बघू म्हणजे नाहीही असते आणि होही असते.

पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. आजीचा पाय भरून आला आहे. पोरगी तरी रोज रात्री जेवणे झाली की बॅटरी घेऊन बसते, आजीचा तळवा मांडीवर घेते आणि बोटांच्या बेचक्या एकेक करून पाहते. आजी कुरकुरते, ‘‘झालं न्हवं आता बरं?’’ पोरगी म्हणते, ‘‘गप बस. दुसरा पाय दे.’’